काट्टुंगो टीचर आणि कचेरीतला राम

टीचरना ऐकलेलं पुरत नसे, पाहावं लागे. आमच्या गल्लीच्या टोकाला नगरपालिकेनं नवा नळ बसवल्याची बातमी तमिळ पेपरात आली, तेव्हा त्या भर उन्हात छत्री घेऊन निघाल्या, नळ सोडून ओंजळभर पाणी प्यायल्या आणि परत येऊन शेजारणीला म्हणाल्या, “आता आला नळ.” बातमी सकाळी छापून आली होती, टीचरच्या लेखी नळ दुपारी आला. गटाराचं झाकण, शाळेतला संगणक, बसस्टँडवरचा पंखा, लोकांच्या पैशातून काही झालं असं कानावर आलं की त्या तिथे जाऊन उभ्या राहत आणि समोरच्याला शांतपणे म्हणत, “काट्टुंगो.” तमिळमध्ये याचा अर्थ ‘दाखवा’. कुंभकोणमच्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांत त्यांचं नाव काट्टुंगो टीचर असंच पडलं होतं. त्या फाटकात दिसल्या की शिपाई आत जाऊन वर्दी देत.

आम्ही गल्लीतले मराठी लोक त्यांना अक्का म्हणत असू. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला. माझी थोरली बहीण त्यांच्याच हाताखालून गेली. अक्कांनी लग्न केलं नाही. का, ते त्यांना कुणी विचारलं नाही, कारण त्या उलट काय विचारतील याची धास्ती असे. उंबऱ्याच्या आत आमची तंजावरी मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, ही आमच्या घरांची रीत त्यांनी कधी मोडली नाही. घरात ‘काट्टुंगो’चं ‘मज दाखव’ होई. पुण्याकडचे पाहुणे ते ऐकून हसत, पोथी वाचल्यासारखं वाटतं म्हणत. अक्का म्हणत, हसू देत, दाखवा म्हणजे झालं.

भाविक मात्र पक्क्या. घरी विठ्ठल, दर शनिवारी भजन, आणि वर्षातून एकदा मरुदानल्लूरच्या भजनी मठात मुक्काम. तिथेही स्वभाव सुटत नसे. भजनात कुणी डोळे मिटून डोलू लागलं की झांजेच्या टोकानं कोपराला टोचत. म्हणत, “समोर उभा आहे तो. मिटून काय बघतोस?”

मी एका सहकारी सोसायटीत हिशेब पाहतो. माझा विश्वास कागदावर. जमा आणि नावे जुळलं की मला झोप लागते. अक्कांना ते अर्धवट वाटे. एकदा त्या मला म्हणाल्या, “माधवा, तू कागद बघतोस, मी वस्तू बघते. कधीतरी दोघांचं जुळलं तर गावाचं भलं होईल.” तेव्हा मला ते वाक्य नुसतं चटपटीत वाटलं होतं.

सरकारनं एक योजना काढली होती. नव्या सरकारी इमारतींत स्थानिक कलावंतांचं काम विकत घेऊन लावायचं, म्हणजे कलावंतालाही आधार आणि लोकांच्याही डोळ्यांना काही चांगलं. आमच्याकडे एक नवी कचेरी बांधून झाली होती. तिचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दाखले, उतारे, नोंदी यांसाठी सगळा तालुका तिथे येतो आणि मोठ्या दालनातल्या बाकांवर बसून राहतो. त्या दालनासाठी चित्र निवडायच्या समितीत नागरिकांतर्फे एक जण हवा होता. अक्का नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं. बाहेर त्रास देण्यापेक्षा आत बसवलेल्या बऱ्या, असा हिशेब असावा.

गावात राजगोपाल नावाचे चित्रकार आहेत, अक्कांच्याच वयाचे. तंजावर पद्धतीचं काम करतात: फणसाच्या फळीवर कापड चिकटवून, खडूच्या लगद्यानं उठाव देऊन, वर सोन्याचा वर्ख. त्यांनी कितीतरी महिने खपून रामाचा राज्याभिषेक केला होता. वरचा राम नेहमीसारखा, पण खाली हातभर लांबीची एक पट्टी होती आणि तिच्यात सोहळा बघायला आलेली गर्दी. ती अयोध्येची नव्हती, आमच्या कुंभकोणमची होती. विड्याच्या पानांची पाटी डोक्यावर घेतलेली बाई, खांद्यावर पितळी समई घेतलेला नाचियार्कोविल गावचा कारागीर, उंचावरून कॉफीची धार सोडणारा हॉटेलवाला, टाचा उंचावून बघणारा एक म्हातारा. प्रत्येकाला स्वतःचा चेहरा होता.

ते चित्र एका सराफाला हवं होतं आणि तो सरकारपेक्षा जास्त द्यायला तयार होता. राजगोपालांचा कल साहजिकच तिकडे होता. अक्का त्यांच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो. बोलणं थोडंच झालं. अक्का म्हणाल्या, “सराफाच्या दिवाणखान्यात सराफाचे पाहुणे बघतील. इथे ही पानवालीच बाकावर बसलेली असेल. तिला स्वतःला बघता येईल.”

राजगोपाल हसले. “सरकारी भिंतीवर काय राहतं, टीचर? उद्या पुढ्यात कपाट येईल.”

“येणार नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असंच राहील.”

“हमी कोण देणार?”

“मी,” अक्का म्हणाल्या. त्या एका शब्दावर त्या माणसानं सराफाला नकार कळवला.

चित्र लागलं आणि खरोखरच पाहिलं गेलं. नंबर येईपर्यंत लोकांना दुसरा उद्योग नसे. बाकावरून उठून जवळ जात, बोट न लावता बोट दाखवत, त्या म्हाताऱ्यावरून वाद घालत. एका शेतकऱ्यानं तो आपला सासराच आहे असं ठरवून टाकलं होतं. अक्का काहीतरी निमित्त काढून तिथे जात आणि दाराशी उभ्या राहत. त्या चित्राकडे पाहत नसत, पाहणाऱ्यांकडे पाहत. घरी येताना राजगोपालांच्या दारात थांबून सांगत, आज अमुक जण अमुक बोलला. ते मान हलवत आणि ब्रश चालू ठेवत. पण दुसऱ्या दिवशी अक्कांना उशीर झाला तर गल्लीपर्यंत येऊन डोकावून जात.

मग नवे अधीक्षक आले. माणूस चांगला. लाच घेत नसत, वेळेवर येत, म्हाताऱ्यांना उभं ठेवत नसत. भाविकही होते. आल्या आल्या पहिल्या शुक्रवारी त्यांनी रामाला गंध लावलं. पुढच्या शुक्रवारी हार आला. आमच्याकडे कचेरी म्हणजे देवाची तसबीर असणारच, आणि तसबीर म्हटली की हारवाला महिन्याच्या बोलीवर येणारच. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग नाचियार्कोविलची एक छोटी समई आली. मग कापूर. हार लोंबत असे तो नेमका त्या खालच्या पट्टीवर, आणि समईची काजळीही तिथेच धरत गेली. रामाचा मुकुट झळकत होता. पानवाली काळवंडत होती.

अक्का बोलायला गेल्या. अधीक्षकांनी त्यांना कॉफी पाजली आणि सगळं ऐकून दुखावल्यासारखे म्हणाले, “टीचर, तुम्ही भजनातल्या. तुम्हीच म्हणता रामाला हार घालू नका?”

“घरच्या रामाला घाला,” अक्का म्हणाल्या. “हा लोकांनी बघायला घेतलाय.”

बाकावरच्या लोकांना विचारा, असं अधीक्षक म्हणाले, आणि अक्कांनी खरंच विचारलं. ती चूक झाली. एकूण एक माणूस अधीक्षकांच्या बाजूनं. एक बाई तर म्हणाली की देवासमोर लोक चपला घालून बसतात, भजी खातात, पाय ताणतात, हे बरं दिसत नाही. अधीक्षकांनाही ते पटलं. आठवड्याभरात त्यांनी चित्र आपल्या खोलीत हलवलं, जिथे सोवळं राखता येईल. दालनात भिंतीवर खिळा उरला.

त्यानंतर अक्कांनी मला कामाला लावलं. मी अर्ज लिहिले. तपासणीला वरून लोक आले, त्यांनी नोंदवही पाहिली, ‘राज्याभिषेक चित्र, एक’, मान वर करून खोलीतला राम पाहिला आणि पुढच्या ओळीवर गेले. मी अक्कांना समजावलं की नियमानं यात काही खोट काढता येत नाही. चित्र कचेरीचं, कचेरीत आहे. त्या माझ्यावर चिडल्या नाहीत, पण दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, “आहे ते मज माहीत. दिसतं का, ते सांग.”

राजगोपाल रस्त्यात भेटले की हात जोडत आणि चालू लागत. अक्कांना तेच सोसत नव्हतं. ते भांडले असते तर बरं झालं असतं, असं त्या मला म्हणाल्या.

पुढे अधीक्षक निवृत्त झाले. अक्का हयातीच्या दाखल्यासाठी कचेरीत गेल्या, तेव्हा त्यांच्या खुर्चीवर एक अधीक्षकबाई होत्या. अक्कांनी नेहमीप्रमाणे दाखवा म्हटलं. बाईंनी आनंदानं आत नेलं. भिंतीवर रामाचा राज्याभिषेक होता. आधीच्यापेक्षा थोडा मोठा, वर्ख जास्त, खडे जास्त, स्वच्छ काच. देवळाजवळच्या दुकानांत रांगेनं टांगलेले असतात तसला. अक्का चष्मा पुसून पुन्हा बघायला लागल्या.

“ह्यात माणसं कुठे आहेत?”

“कुठली माणसं?” बाई म्हणाल्या. “राम आहे की.”

यात लपवाछपवी काहीच नव्हती. बाहेर येताच शिपायानं सगळं सांगितलं, तेही अभिमानानं. जुने साहेब देव बरोबर घेऊन गेले. रोज पूजा झालेला देव मागे सोडला आणि पुढच्यानं पूजा केली नाही, तर पाप कुणाच्या माथी? म्हणून त्यांनी स्वतःच्या पैशानं नवा आणून लावला आणि मगच जुना हलवला. निरोपाच्या दिवशी सगळ्या कचेरीनं त्या रामाला ओवाळून गाडीत बसवलं होतं. एकाच्या बदल्यात एक, शिवाय नवा. नोंदवही अजूनही बरोबर होती. हिशेबाच्या धंद्यात इतकी वर्षं काढून मला त्या दिवशी पहिल्यांदा जुळलेल्या बेरजेचा राग आला.

अधीक्षकबाईंनी हात वर केले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. त्या म्हणाल्या, शिपायाच्या सांगण्यावर मला फाइल उघडता येत नाही. चित्रकार हयात आहेत. त्यांनी येऊन हे माझं नाही असं लिहून दिलं, की मी वर कळवते. अक्का तिथून थेट राजगोपालांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत गेलो. राजगोपाल पांढरी वेष्टी नेसून, इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्या खोलीत ते भिंतीसमोर उभे राहिले. यंत्रानं दाबलेला तो उठाव आणि रंगाच्या दुकानातला तो सोनेरी रंग त्यांनी जवळ जाऊन पाहिला. अधीक्षकबाईंनी विचारलं, हे तुमचंच का?

“माझंच,” राजगोपाल म्हणाले, आणि समोर आलेल्या कागदावर सही केली.

फाटकाबाहेर पिंपळाखाली आल्यावर राजगोपालांनीच सांगितलं. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी त्यांचा अर्ज होता. त्याला उत्पन्नाचा दाखला हवा. तो दाखला याच कचेरीतून, याच बाईंच्या सहीनं मिळायचा होता. हात थरथरायला लागलेत, बारीक काम होत नाही, घरात दुसरं कुणी कमावणारं नाही. मग ते म्हणाले, “टीचर, तुमचा शब्द मी परत केला. आता सोडा.”

“तुम्ही तुमच्यापुरता परत केलात,” अक्का म्हणाल्या. “मी समितीत लोकांतर्फे बसले होते. ते कुठे सोडतात मला?”

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. नंतरही राजगोपालांविषयी त्यांनी वाकडा शब्द काढला नाही, मलाही काढू दिला नाही. म्हणाल्या, ज्या खिडकीशी माणसाला भाकरी मागायची असते, त्याच खिडकीशी त्याला खरं बोल म्हणणं हा आपलाच आगाऊपणा.

मग आम्ही दोघं बसनं आडुतुरैला गेलो. जुन्या अधीक्षकांचं गाव तिथून जवळच, भातशेतीच्या मधोमध. त्यांनी आमचं मनापासून स्वागत केलं. कॉफी झाली, तब्येती विचारून झाल्या. अक्कांनी पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, “काट्टुंगो.” कशासाठी आलोय हे त्यांनाही कळलं होतं. ते आम्हाला देवघरात घेऊन गेले.

चित्र होतं. ताज्या फुलांचा हार, समोर समई, दूध-साखरेची वाटी. त्यांची बायको दाराशी उभी राहिली. अक्कांनी आधी साष्टांग नमस्कार घातला. गुडघे दुखत असल्यानं उठायला मला हात द्यावा लागला. मग त्यांनी हार बाजूला केला आणि पदराच्या टोकानं खालची पट्टी हलकेच पुसली. काजळीतून पाटीचा एक हिरवा कोपरा दिसला. बाकी काही दिसेना.

अधीक्षक हळू आवाजात म्हणाले की मी चोरी केली असं तुम्हाला वाटत असेल तर पोलिसात सांगा. नवं आणून ठेवलंय, पावतीही आहे. देव कुणाच्या मालकीचा असतो का? अक्का म्हणाल्या, चोरी केलीत असं मी म्हणत नाही. तुम्ही माणूस सरळ आहात, म्हणून तर मी पोलिसांकडे न जाता इथे आले. पण हे नेलंत ते ज्यांचं होतं त्यांना न विचारता. त्यावर त्यांनी समईची वात पुढे सारली. मग म्हणाले, “मी रोज कापूर लावलाय. माझ्या हातानं मी त्याला घराबाहेर काढणार नाही. तुमच्यानं होत असेल तर न्या.”

त्यांना वाटलं असावं की भजनातली बाई हे करणार नाही. मलाही तसंच वाटलं. अक्कांनी समई पदरानं शांत केली, चित्राच्या दोन्ही बाजूंना हात घातले आणि आमच्या घरच्या मराठीत रामाला म्हणाल्या, “चल बाबा, लोक थांबलेत.”

फळी जड होती. त्यांना ती पेलेना. मी पुढे होणार इतक्यात अधीक्षकांनी मला विचारलं, काय म्हणाल्या त्या? मी तमिळमध्ये सांगितलं. तेव्हा त्यांनीच पुढे होऊन दुसरी बाजू उचलली. रिक्षापर्यंत ते अनवाणी आले. त्यांची बायको आत रडत होती. येताना अक्का चित्राला धरून बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या खूश असतील. त्या म्हणाल्या, त्या बाईचं देवघर रिकामं केलं रे आपण. पण रिक्षा उलटी फिरवायला सांगितलं नाही.

कचेरीत आम्ही चित्र दालनातल्या बाकावर टेकवून ठेवलं. खिळा अजून भिंतीत होता. अधीक्षकबाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. चित्र खरं कुठलं हे त्यांना त्या घटकेला कळलं असणार. पण त्या काय करणार? नोंदवहीत चित्र एक आणि खोलीत चित्र एक. काही गहाळ झालेलं नाही, तर परत काय घ्यायचं? हे जास्तीचं म्हणून जमा करावं, तर आलं कुठून हे लिहावं लागेल, आणि मग आधीच्या अधीक्षकांची चौकशी, तपासणाऱ्यांची चौकशी, आणि आतलं चित्र आपलंच असं लिहून देणाऱ्या चित्रकाराचीही. राजगोपालांचं मानधन तर नुकतंच मंजूर झालं होतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईंचं बोलणं नियमाला धरून आहे हे मला सांगावं लागलं. भेट म्हणून द्या, अशी एक वाट बाईंनी सुचवली. अक्का म्हणाल्या, “माझं नाही ते मी भेट कशी देऊ?”

चित्र घरी आणावं लागलं. लोकांची वस्तू एकीनं घरात ठेवणं म्हणजे तर त्या ज्याविरुद्ध भांडत होत्या तेच. त्या रात्री जेवल्या नाहीत म्हणे. सकाळी उठून पाहतो तो त्यांनी चित्र घराच्या ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून भिंतीला लावलं होतं आणि समोर बाक टाकलं होतं. बाजूला तमिळमध्ये स्वतःच्या शाळकरी अक्षरात पाटी: ‘हे सरकारी आहे. हार घालू नये. जवळून बघावे.’ ऊन येईपर्यंत ते बाहेर राही, मग आत जाई. लोक तरी फुलं ठेवत. अक्का ती उचलून विठ्ठलाला वाहत. एकदोघांनी त्यांना तोंडावर नास्तिक म्हटलं. भजनाला येणाऱ्यांतल्या एका घरानं यायचं बंद केलं. याचं दुःख त्यांना झालं. त्या घरच्यांची सतरंजी त्या दर शनिवारी अंथरत राहिल्या.

एके दिवशी सकाळी राजगोपाल आले. हातात कापूस आणि रंगांची पेटी. अक्कांना हात जोडले, पाटावर बसले आणि खालच्या पट्टीवरची काजळी टिपायला लागले. अक्कांनी कॉफी आणून ठेवली. बरेच दिवस ते काम चाललं. हात थरथरत म्हणून एका हातानं दुसरं मनगट धरत. पानवाली आली, कारागीर आला. कॉफीवाल्याचा चेहरा मात्र पुरता गेला होता. तो नव्यानं रंगवायला त्यांनी नकार दिला. म्हणाले, जे झालं ते दिसू दे.

काही वर्षांपूर्वी, मार्गळी महिन्यात म्हणजे धनुर्मासात, अक्का गेल्या. फार आजारी नव्हत्या. सकाळच्या कोलमच्या रांगोळीसाठी अंगण शिंपून आत आल्या आणि जरा पडते म्हणाल्या. चेन्नईचा भाचा आला, दिवस झाले, घर विकायचं ठरलं. भाचा मुलगा चांगला. मावशीची आठवण म्हणून चित्र आपल्या देवघरात नेतो म्हणाला. ते मावशीचं नव्हतं हे त्याला पटवायला मला एक सकाळ लागली.

आता चित्र आमच्या ओट्यावर असतं. कचेरीची वस्तू माझ्याकडे आहे, केव्हाही न्यावी, असं मी रजिस्टर पोस्टानं कळवलं आहे. प्रत्येक नव्या अधीक्षकाला पुन्हा कळवतो. कचेरीचं चित्र कचेरीत सुस्थितीत आहे, असं उत्तर येतं. मी पुन्हा लिहितो. सोसायटीतले सहकारी म्हणतात, सार, तुम्हालाही काट्टुंगो लागलं का?

मागच्या महिन्यात सध्याचा अधीक्षक स्वतः येऊन गेला. तरुण आहे. रस्त्यावरच चपला घालून उभा राहिला आणि खूप वेळ बघत होता, आधी राम, मग एकेक माणूस. मला आशा वाटली. मग म्हणाला, “सार, खरं हेच आहे, मला दिसतंय. पण मी घेतलं तर आधीचे सगळे अडकतात. थोडं थांबा.” फोटो काढून नेऊ का, खोलीत लावतो, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हटलं. वाटेल तेव्हा येऊन बघा म्हटलं. तो अजून आलेला नाही.

रस्त्यानं जाणारे मात्र थांबतात. कुणी बाकावर बसतं, कुणी सायकलवरूनच मान वळवतं. चित्रासाठी रोज सकाळी दार सताड उघडं राहिल्यानं रस्त्याची धूळ पार स्वयंपाकघरापर्यंत येते, अशी माझ्या बायकोची तक्रार आहे. तक्रार खरी आहे. हल्ली घर मी झाडतो.